दहा आठवड्यांचं पिल्लू: चावतं, भुंकतं, पायपुसण्यावरच शू करतं. वळण कसं लावायचं?

त्रिमूर्तीनगरवाली

राम राम मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता लिहिणं भाग आहे.

इथं नागपुरात आमच्या मागच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथं रेतीच्या ढिगाआड कुत्रीने पिल्लं घातली होती. ट्रक यायला लागले तशी ती बाकीची पिल्लं घेऊन दुसरीकडे गेली. हे एक मागे राहिलं आणि माझी लेक (चौथीत आहे) त्याला ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली. गावठीच आहे, बदामी रंगाचं, कपाळावर पांढरा टिळा. पोट गोल गरगरीत म्हणून नाव पडलं ढेमश्या. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, त्या हिशेबाने आता दहा आठवड्यांचा आहे. पहिली लस आणि जंताचं औषध झालंय.

घरात आम्ही दोघं, लेक आणि सासू-सासरे. आता तक्रारी. हात दिसला की चावतो, लेकीच्या फ्रॉकला लोंबकळतो, चालताना टाचा धरतो. गॅलरीत पेपर अंथरलेत ते फाडून खेळतो आणि शू करायला बरोबर देवघरासमोरच्या पायपुसण्यावर येतो. जेवायला बसलो की टेबलाखाली भुंकणं सुरू. रात्री एकटं ठेवलं की रडतो. सासरे म्हणतात एक सणसणीत चापट दे, नवरा म्हणतो मोठा झाला की आपोआप शहाणा होईल. मला दोन्ही पटत नाही. ज्यांनी पिल्लू वाढवलंय त्यांनी सांगा.

खामल्याचा_भाऊ

ढेमश्या! एक नंबर नाव ठेवलं ताई. फोटो टाका ना जी, फोटोशिवाय सल्ला भेटत नाही इथं.

जुना_मास्तर

लाड कमी करा, हा पहिला सल्ला. आमच्या महाल भागातल्या वाड्यात अल्सेशियन होता. शू केली की तिथंच मान धरून नाक टेकवायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक ठेवून द्यायची. काय बिशाद होती त्याची पुन्हा करायची. कुत्रा कळपातला प्राणी, कळपात एक म्होरक्या असतो. म्होरक्या कोण हे पहिल्या महिन्यात कळलं नाही तर तो तुमच्या डोक्यावर बसेल.

सेमिनरी_हिल्स

(निवृत्त पशुवैद्य. घरी सध्या दोन गावठी.)

मास्तर, तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून सांगतो, या दोन्ही गोष्टी आता मोडीत निघाल्या आहेत. म्होरक्याची कल्पना आली ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये ते लिहिलं आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. त्याच मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लेख लिहून सांगितलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं कोणी मारामाऱ्या जिंकून म्होरक्या होत नाही. ज्याने गोष्ट पसरवली त्यानेच ती मागे घेतली, आपण मात्र अजून धरून बसलोय. आणि ढेमश्या काही लांडगा नव्हे.

नाक घासण्याबद्दल. पिल्लाला आत्ता केलेलं आणि पुढच्या एक-दोन सेकंदांत झालेलं एवढंच जोडता येतं. अर्ध्या तासापूर्वीची शू आणि आत्ताचा मार त्याच्या डोक्यात जुळत नाही. त्याला इतकंच उमगतं की शू आणि माणूस एका ठिकाणी असले की मार बसतो. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. ‘अर्धा तास फिरवलं, घरात आल्याबरोबर केली’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारायचो, घरात मारता का? बहुतेकांची मान खाली जायची.

आता ताई, तुमच्या पायपुसण्याचं. पिल्लं साधारण आठ-नऊ आठवड्यांपर्यंत ठरवून टाकतात की शू-शी कशावर करायची. पायाखाली जे लागत आलं त्याचीच सवय होते. तुमचं पिल्लू रेतीच्या ढिगात वाढलंय. कडक गुळगुळीत फरशी त्याला परकी वाटते आणि पेपर म्हणजे खेळणं. घरात पायाला मऊ लागणारी एकच जागा आहे, पायपुसणं. तेव्हा पेपर उचला. बांधकामावरून एक पसरट घमेलं भरून रेती मागून आणा आणि गॅलरीत ठेवा. पायपुसणं महिनाभर माळ्यावर टाका.

वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत, आणि खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागला की. उचलून घमेल्यात ठेवा, गप्प उभ्या राहा. केली की त्याच क्षणी, तिथंच, खाऊ. घरात परत येऊन दिलात तर तो घरात आल्याचा खाऊ होतो. दिवसा किती वेळ कळ काढू शकेल याचा ढोबळ हिशेब असा, वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे आत्ता जास्तीत जास्त तीन, आणि जागा असताना त्याहून बरंच कमी.

जुन्या जागा पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसा. फिनाईलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, त्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. शिवाय ओल्या फिनाईलवर चालून पाय चाटले तर पोटात जातं ते वेगळंच.

एक महत्त्वाचं राहिलं. पिल्लू बाहेरून आलेलं आहे आणि रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची असते. त्यामुळे त्याच्या दाताने लेकीला नुसता ओरखडा जरी उठला तरी ‘घरचंच आहे’ म्हणून सोडू नका. नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत लस मिळते. त्वचेत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

त्रिमूर्तीनगरवाली

डॉक्टरसाहेब, रेतीचं डोक्यातच आलं नव्हतं! मिस्त्रींना सांगून घमेलं मागवते. लेकीच्या मनगटावर एक ओरखडा आहे परवाचा, रक्त नव्हतं आलं. आज संध्याकाळीच दाखवते.

सेमिनरी_हिल्स

संध्याकाळी नको, आत्ता जा.

दोन_लॅब_एक_मी

वाचलं ना डॉक्टरांनी काय लिहिलंय? आधी दवाखाना, मग माझं पुराण.

चावण्यावर लिहिते, कारण दोन लॅब्रॅडॉर वाढवताना माझे हात चाळणी झाले होते. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात. म्हणजे चावणं बंद करणं हे काम नाहीच, कशावर चावायचं ते शिकवणं हे काम आहे. जुन्या जीन्सच्या पायाला दोन गाठी मारा, ओला करून फ्रीजरमध्ये टाका. गार गाजर द्या. प्रत्येक खोलीत हाताशी एक चावायची वस्तू असू द्या. दात कातडीला लागले की हात झटकायचा नाही, तो त्याला खेळच वाटतो. हात ढिला सोडायचा, खेळ थांबवायचा, उठून दाराआड १५-२० सेकंद जायचं. परत यायचं, वस्तू द्यायची. ओरडायचं नाही. किंचाळल्यावर काही पिल्लं थांबतात, काहींना आणखी चेव येतो. तुमचं कुठल्या जातीचं आहे ते एकदाच कळेल.

भावंडांबरोबर खेळताना पिल्लू हे शिकत असतं, जोरात चावलं की समोरचं खेळ सोडून जातं. ढेमश्याचा तो वर्ग लवकर सुटला, म्हणून तुम्हाला थोडं जास्त करावं लागेल.

आणि झोप! हे कोणी सांगत नाही. या वयात पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं. संध्याकाळी सात-आठला अंगात आल्यासारखं घरभर पळतं, जो दिसेल त्याला चावतं, ते खेळून दमलेलं असतं. आपण म्हणतो अजून एनर्जी आहे, अजून खेळवा. उलट त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात, गादीवर, चावायला काहीतरी देऊन निजवायचं असतं. तुमच्या लेकीच्या फ्रॉकची वेळ बघा, संध्याकाळचीच निघेल.

आता जेवणाच्या टेबलाखालचं भुंकणं. माझा एक सिद्धांत आहे. पिल्लू जे काम पुन्हा पुन्हा करतं त्याचा घरातलं कोणीतरी पगार देत असतं. तुम्ही देत नसाल, तर दुसरं कोणी देतंय. पगार म्हणजे खाऊच असं नाही. ‘अरे गप!’ म्हणून त्याच्याकडे बघणं हाही पगार, टाच धरल्यावर नाचणं हाही पगार. पगार देणारा शोधा.

तर्रीपोहे

लॅबवाल्या ताईंचं वाचून आमच्या घरची आजी आठवली. कुत्र्याला ‘चल हट मेल्या’ म्हणत पोळीचा तुकडा टाकायची.

जुना_मास्तर

म्हणजे आता कुत्र्याला पगारही द्यायचा. चालू द्या. आमच्या वेळी कुत्रा अंगणात असायचा आणि माणसं घरात.

खामल्याचा_भाऊ

मास्तर, आता अंगणच कुठं राह्यलं? फ्लॅटमध्ये गॅलरी तेवढी, तिथंपण वॉशिंग मशीन.

त्रिमूर्तीनगरवाली

दवाखान्यात जाऊन आलो, लेकीचं इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरसाहेब, आत्ता जा म्हणालात ते बरं केलंत.

घमेल्याने कमाल केली. पहिल्याच दिवशी दुपारच्या झोपेनंतर ठेवलं, रेती हुंगली, दोन पाय उकरले आणि केली. अजून एखादी चूक होते पण देवघराची वाट सोडली. सासूबाई इतक्या खूश की घमेल्याभोवती रांगोळी काढायची तेवढी बाकी आहे.

पगार देणारा सापडला. घरात सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. बाबा (सासरे) तर म्हणाले, मी त्याला जवळही उभा करत नाही. मग संध्याकाळी चहाच्या वेळी खिडकीआड उभी राहिले. बाबा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर. बशीत चहा ओतला, ग्लुकोज बिस्कीट बुडवलं. ढेमश्या समोर येऊन बसला. छान, शांत बसला होता! बाबांनी बिस्कीट स्वतः खाल्लं. तो थोडा पुढे सरकला. बाबांनी दुसरं बुडवलं. मग ढेमश्या भुंकला, एकदा, दोनदा. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, ‘बस रे बाबा, घे, तुझी सासू येईल’ म्हणाले आणि अर्धं बिस्कीट खाली गेलं. ‘तुझी सासू’ म्हणजे मी!

आता त्यांना सांगू कशी? मोठ्या माणसाला कुत्र्यावरून बोलायचं, बरं दिसत नाही. आणि चापट मारायचा सल्लाही त्यांचाच.

दोन_लॅब_एक_मी

हसून पुरेवाट! तुझी सासू!!

ताई, बघा काय झालं. शांत बसला तेव्हा काही मिळालं नाही, भुंकला तेव्हा मिळालं. बाबांनी त्याला भुंकायला शिकवलंय, आणि फार चांगलं शिकवलंय. चांगले शिक्षक आहेत ते, विषय तेवढा बदलायचा.

त्यांना बंदी घालू नका. बंदी घातली तर चोरून देतील, आणि कधी मिळतं कधी नाही अशी सवय सर्वांत चिवट असते. त्यापेक्षा घरातलं अधिकृत खाऊ खातं त्यांच्याकडेच द्या. बंडीच्या खिशात छोटी डबी. अट एकच: बूड जमिनीला टेकलेलं असताना आणि तोंड बंद असतानाच खाऊ.

‘बस’ शिकवायला सोपं आहे. चिमटीत खाऊ धरून त्याच्या नाकाशी न्यायचा, मग हळूच डोक्यावरून मागे. नाक वर जातं तसं बूड आपोआप खाली येतं. टेकलं की लगेच द्यायचा. पाठीवर दाबायचं नाही. हात फार उंच नेला तर उडी मारेल, नाकापासून बोटभर अंतर ठेवायचं. शब्द नंतर, हालचाल जमल्यावर. आणि शब्द घरात सगळ्यांचा एकच, ‘बस’ तर ‘बस’. ‘सिट’, ‘बैठ’, ‘खाली बस ना रे राजा’ असं चालणार नाही.

आणि सावध करते, टेबलाखालचा पगार बंद झाला की पहिले काही दिवस भुंकणं वाढेल. आधी आवाजाने मिळायचं, म्हणून तो अजून जोर लावून बघतो. तिथं कोणी विरघळलं तर तो शिकेल की नुसतं भुंकून भागत नाही, खूप भुंकावं लागतं. सुरुवात करण्याआधी सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः नवऱ्याला.

वाळ्याचा_पडदा

आमचं घर शाकाहारी आहे, बाहेरून आणूनही अंडं-चिकन चालत नाही. खाऊ म्हणून काय देता येईल?

सेमिनरी_हिल्स

पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, उकडलेला भोपळा. दाणे द्यायचे तर बिनमिठाचे आणि फोडून. बिस्कीट नको, साखर आणि मैदा. दिवसभराचा खाऊ एकूण जेवणाच्या दहाव्या हिस्स्यापुढे जाऊ देऊ नका. दूध-पोळीवर वाढवायची आपली जुनी रीत आहे, पण दूध सोडल्यावर पुष्कळ पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते, आणि वाढत्या वयात नुसत्या पोळीवर हाडं नीट भरत नाहीत. शाकाहारी ठेवायचंच असेल तर आहार डॉक्टरांकडून आखून घ्या. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, हे कुत्र्याला विष. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुकेसुद्धा. संत्र्याची एखादी फोड चालते, साल आणि बिया नकोत.

तर्रीपोहे

आणि सावजी मटणाची हाडं! रविवारी पाहुणे आले की कोणीतरी प्रेमाने टाकतंच.

सेमिनरी_हिल्स

अगदी. शिजलेलं हाड चावलं की त्याचे टोकदार कपचे होतात, घशात किंवा आतड्यात अडकतात. वरून तो रस्सा, कांदा-लसणाचा. सोमवारी सकाळी दवाखान्याबाहेर रांग असायची ती अशीच. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (१९५८ पासून आहे) शिकणारी मुलं पाहुण्यांच्या प्रेमावर पोटाची ऑपरेशनं शिकतात, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

संपादक_मंडळ

शाकाहार-मांसाहार इथं वाढवू नका, त्यावर वेगळा धागा आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

बेसा_रोड

विषय निघालाच आहे तर उन्हाळ्याचं बोला. मार्च संपत आला, कूलर निघतील. आमच्या पिल्लाने मागच्या वर्षी कूलरच्या ताट्यांमधलं सगळं गवत ओढून काढलं होतं, आणि एकदा वायर तोंडात धरलेली दिसली, नशीब प्लग काढलेला होता.

सेमिनरी_हिल्स

वायर जाड पीव्हीसी पाइपमधून घाला आणि भिंतीला वरून न्या. घरात खाली लोंबणारं जे काही आहे ते दात येईपर्यंत त्याचंच समजा. ताटीसमोर जाळी बसवा. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, त्याच्या ताज्या पाण्याचं मातीचं कुंडं सावलीत ठेवा.

फिरवण्याचं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि गावातले रस्ते बरेचसे सिमेंटचे झालेत. हे सिमेंट दिवसभराची आग रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतं. ऊन उतरलं म्हणून साडेसहाला पिल्लू बाहेर काढू नका. हाताचा मागचा भाग रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसला नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पहाटे सहाच्या आत उत्तम. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच तो अंग गार करतो. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोकांड्या गेल्या तर साधं पाणी अंगावर, पोटावर, जांघेत ओतत दवाखाना गाठा. फार दमवून शिकवायचा वेळ हा नाही. दुपारी कूलरसमोर बसून पाच-पाच मिनिटांचे धडे घ्या, बस, ये, थांब. तेवढंच त्याच्या डोक्याला पुरतं.

त्रिमूर्तीनगरवाली

बाबांचं सांगते. मी काही बोललेच नाही. लेकीला पुढे केलं. ती म्हणाली, आजोबा, ढेमश्याला ‘बस’ शिकवायचंय, आईला जमत नाहीये, तुम्हीच शिकवा. बाबा एवढे खुलले! डबी बंडीच्या खिशात गेली. पनीरचे तुकडे सासूबाई सकाळीच कापून देतात, मोजून. आता ढेमश्या खुर्चीसमोर येतो, बूड टेकतो आणि खिशाकडे बघत राहतो. काल शेजारचे काकाजी आले तर बाबांनी त्यांना दोनदा करून दाखवलं, आणि म्हणाले, मारून काही शिकत नाही बरं जनावर.

टेबलाखालचं भुंकणं खरंच वाढलं होतं, नवरा एकदा पोळी टाकायला निघाला, लेकीने हात धरला. आता आम्ही जेवताना त्याला पलीकडे गादीवर गाठीची जीन्स देऊन बसवतो. अधूनमधून उठतो, पण आवाज नाही.

रात्रीचं मात्र जमत नाही. स्वयंपाकघरात ठेवलं की रडतो. सासूबाई म्हणतात रडू दे, सवय होईल.

दोन_लॅब_एक_मी

रडू देऊ नका. आईच्या कुशीतून निघालेलं लेकरू आहे ते. टोपलं किंवा खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला की त्याला लागला पाहिजे. आठवडा-दोन आठवड्यांनी रोज थोडं थोडं दाराकडे सरकवा. मध्यरात्री कुरकुर केली तर दिवा न लावता, न बोलता घमेल्यात न्या आणि परत टोपल्यात. खेळ नाही, लाड नाही, नाहीतर रात्री दोनचा क्लास लागेल.

दिवसाही एकटं राहायला असंच शिकवायचं. दाराबाहेर क्षणभर जाऊन परत, मग मिनिटभर, मग पायरीपर्यंत. निघताना ‘येते हं राजा, रडू नको हं’ हा कार्यक्रम करू नका.

बर्डीचा_दुकानदार

लस पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका म्हणतात. आम्ही आमच्या पिल्लाला चार महिने घरात ठेवलं, आता तो हेल्मेट घातलेल्या माणसावर धावून जातो. स्वीगी-झोमॅटोवाली पोरं गेटबाहेरूनच हाका मारतात. काहून असं?

सेमिनरी_हिल्स

कारण ओळख करून घ्यायची खिडकी तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतच सताड उघडी असते. त्या काळात जे दिसलं, ऐकलं ते त्याच्या जगाचं, पुढचं सगळं संशयास्पद. आणि लशी पूर्ण होतात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे लस संपायची वाट बघत बसलं तर खिडकी बंद.

मधला मार्ग असा. पहिल्या लशीनंतर आठवडाभराने पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन न्या, खाली सोडू नका. पार्वो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जिथं भटकी कुत्री शी करतात तिथं पाय लागू द्यायचा नाही. पण गाडीवर बसून फुटाळा तलावाच्या काठाची गर्दी बघायला काय हरकत आहे? मेट्रोच्या पुलाखाली पाच मिनिटं उभं राहा. कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा, दाढी, लहान मुलांचा कल्ला, हे सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी खाऊ. घाबरून मागे ओढत असेल तर अंतर वाढवा, जबरदस्ती नको. लस झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा मोठा कुत्रा असेल तर त्याच्याबरोबर घरात खेळू द्या, चावायचं प्रमाण तो तुमच्यापेक्षा चांगलं शिकवेल.

आपल्या गावात आवाजाचे हंगाम आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दिवाळी. मोबाईलवर फटाक्यांचा, ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून त्याच वेळी जेवण वाढा, रोज किंचित वाढवत जा. हे दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही, आत्तापासून.

दुकानदारसाहेब, तुमच्या कुत्र्याला अजूनही शिकवता येईल, वेळ जास्त लागेल इतकंच. घरातल्या माणसाने हेल्मेट हातात घेऊन सुरू करा, मग डोक्यावर, मग गेटबाहेर. तोवर डिलिव्हरीच्या पोरांसाठी त्याला आत बांधा.

बर्डीचा_दुकानदार

हेल्मेट हातात घेतल्यावरच गुरगुरला तर?

सेमिनरी_हिल्स

मग हेल्मेट खोलीच्या पलीकडच्या टोकाला जमिनीवर ठेवा आणि तिथून सुरू करा. गुरगुरल्याबद्दल दटावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

वाळ्याचा_पडदा

आमच्या सोसायटीने कुत्री पाळू नयेत असा ठराव केलाय, लिफ्टही बंद. काही करता येतं का?

बेसा_रोड

असा ठराव टिकत नाही. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ सालचं परिपत्रक आहे, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. प्रत काढून सेक्रेटरीला द्या. पण त्याच्यासोबत हेही करा: लिफ्टमध्ये आखूड पट्टा, जिन्यात शी झाली तर स्वतः उचलणं, लसीकरणाचा कागद सोसायटीच्या फाइलला. आमच्याकडे भांडण कायद्याने मिटलं नाही, कुत्रा लिफ्टमध्ये कोपऱ्यात तोंड करून बसायला शिकला तेव्हा मिटलं.

खामल्याचा_भाऊ

लिफ्टमध्ये माणसंपण असं शिकली पायजेत बाप्पा.

त्रिमूर्तीनगरवाली

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. लशी झाल्या की रस्त्यावर न्यायचंय. आमच्या गल्लीत चार-पाच भटकी आहेत, अंगावर येतात. पट्टा कसा घ्यावा? दुकानदार साखळी दाखवत होता, ओढली की गळ्याला आवळणारी. म्हणाला हिसका दिला की ओढत नाही.

सेमिनरी_हिल्स

ती साखळी नको. पिल्लाची मान नाजूक असते, हिसक्याने श्वासनलिकेला इजा होते. आणि समोर दुसरा कुत्रा दिसल्यावर गळा आवळला की दुसरा कुत्रा म्हणजे दुखणं हे तो शिकतो. छातीवरून बसणारा हार्नेस घ्या, दोन बोटं आत जातील इतका सैल. वाढतं अंग आहे, दर पंधरवड्याला बघत जा. आत्तापासून घरात रोज थोडा वेळ घाला, खाऊ देत देत. दोरी पाच-सहा फुटांची, लांब सुटणारी नको. ओढली की तुम्ही झाडासारख्या थांबा, सैल झाली की चाला. पुढे जाणं हाच पगार.

गल्लीतल्या कुत्र्यांना तो आधी कडेवरून दिसू दे, आत्ताच. ती रोजची आहेत, ओळखतील. सहसा आपण पळलो, ओरडलो की अंगावर येतात. थांबून, पिल्लाला पायांमागे घेऊन, आडवं वळून हळू निघा. खाऊ त्यांच्या देखत काढू नका. संक्रांतीनंतर कोपऱ्याकोपऱ्यात नायलॉन मांजा पडलेला असतो, फिरवून आणलं की पाय बघायचे, आणि पावसाळ्यात कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड. अंगाला हात लावू देणं, तोंड उघडू देणं, पंजा धरू देणं हेही शिकवायचंच असतं, तेही आजोबांच्या डबीवर जमेल.

रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर, म्हणजे पंधरा दिवसांत येईल. त्या दिवशी दवाखान्यात उपाशी आणू नका, थोडं पनीर सोबत आणा. टेबलावर सुई टोचताना कोणीतरी समोरून चाटवत राहिलं की पुढच्या वेळी तो स्वतः टेबलाकडे ओढत नेतो.